दुबळा बैल पुढं

दिवस दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रातला दुसरा गुरुवार. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. एकूण लागलेले सेकंद चौसष्ट. हजर चौघं: माझी आई, सिस्टर, ड्रायव्हर चाचा आणि मुकादमीणबाई. मी तिथं हजर नव्हतो. मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत होतो, अर्धी दाढी झालेली, हातात ब्रश तसाच. माझ्या समजुतीप्रमाणे आई त्या वेळी देवघरात होती. प्रत्यक्षात ती आमच्या कॉलनीसमोरच्या ऐंशी फुटी रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर उभी होती. तिच्या पुढून बस गेली, मागून वाळूचा डंपर गेला, आणि तिचा पदर आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला उडाला. भीती वाटली की मी आकडे मोजायला लागतो, तशी सवयच आहे. चौसष्टला ती पलीकडच्या फूटपाथवर पोचली तेव्हा मी खुर्चीवर बसलो.

तिला तिकडे घेऊन जाणारी बाई कोण, हे मी खाली उतरून चौकशी करायच्या आधीच वरून पाहिलं होतं. बुटकी, नऊवारी नेसलेली, हातात डोक्याहून उंच काठी आणि काठीच्या टोकाला लाल फडकं. बाकीचं नंतर कळलं: पाथर्डीकडची. जन्म उसाच्या फडात गेलेला. नवरा टोळीचा मुकादम होता. तो गेल्यावर पंधरा कोयत्यांची टोळी हिनंच चालवली, म्हणून मुकादमीणबाई. कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, हे मला त्यांनीच पुढे सांगितलं. मुलगा नगरला टेम्पो चालवायचा. आमच्या कॉलनीच्या मागच्या दोन खोल्यांत ते भाड्यानं राहायला आले होते.

आता या बाईंबद्दल सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की त्या अतिशय भित्र्या होत्या. मी पाहिलेल्या माणसांत सगळ्यात भित्र्या. आणि ते त्या लपवत नसत. मी त्याच दिवशी संतापून त्यांना गाठलं. "म्हाताऱ्या माणसांना घेऊन रस्त्यात उतरता, भीती नाही वाटत?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "लई वाटती. पोटात गोळा येतो बघा. आत्ता पन हाय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "भ्यालेलं मानूस दोन्हीकडं बघतं, साहेब. न भ्यालेलं एकीकडं."

माझा संताप का होता, ते सांगायला हवं, कारण त्यात माझा हात होता. आमचा रस्ता पूर्वी साधा, दोन गाड्यांचा. आमच्या बाजूला एक मोठा कडुलिंब होता, त्याच्याखाली दगडी पार. रस्ता रुंद झाला तेव्हा लिंब गेला, पार गेला आणि मध्ये दुभाजक आला. दुभाजकात कॉलनीच्या फाटकासमोर एक मोकळी जागा ठेवली होती. तिथं दोनदा मोटारसायकली धडकल्या. मी सोसायटीचा सचिव. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मापं तपासायच्या विभागात नोकरी करतो, त्यामुळे काम कसं करायचं ते मला माहीत होतं. चार रविवार आणि चार सोमवार गॅलरीत बसून मी गाड्या मोजल्या, तक्ता केला, आलेख काढला आणि ती जागा बंद करावी असा अर्ज दिला. जागा बंद झाली. वार्षिक सभेत मला नारळ आणि शाल मिळाली.

त्यानंतर रस्ता ओलांडायचा तर पुढच्या चौकापर्यंत जावं लागे. माझी सातशे दहा पावलं. आईची किती, ते मी काढलं नव्हतं. वाटेत बसायला एक जागा नाही, सावली नाही, फूटपाथ नऊ इंच उंच आणि आईचं पाऊल जेमतेम चार इंच उचलतं. ती जायची बंद झाली. दत्ताचं देऊळ, दवाखाना, बाग, तिच्या ओळखीची माणसं, सगळं पलीकडे. ती खिडकीत बसू लागली. मी सकाळी कामावर जाताना तिला खिडकीत बघायचो आणि मनात म्हणायचो, बरं झालं, आता काळजी नाही.

मुकादमीणबाईंनी आल्यावर आठ दिवसांत दुभाजकाची एक जागा हेरली, जिथं झाडं जळून गेली होती आणि उंची कमी होती. दोन्ही बाजूंना एकेक सिमेंटचा ठोकळा ठेवून पायरी केली. मग खिडक्यांतून दिसणारी म्हातारी माणसं हेरली. पहिल्या सिस्टर. त्या नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, उभा जन्म परिचारिका म्हणून काढलेला, बोलणं इस्त्री केल्यासारखं. दुसरे ड्रायव्हर चाचा. एसटीतून निवृत्त झालेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. आणि तिसरी माझी आई. मला कळायच्या आधी ही टोळी सतरा दिवस चालू होती.

निघण्याआधी फाटकाशी एक रिवाज असे. मुकादमीणबाई काठी टेकवून विचारायच्या, "बोला, आज कुनाला कशाचं भ्या?" प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं.

"डावा डोळा," चाचा म्हणायचे. "सगळं धुकं. यष्टी असती तर डेपोत लावली असती."

"मला काही नाही," सिस्टर म्हणाल्या होत्या एकदा.

"मंग तुमी घरी जा, शिष्टर. ज्याला भ्या न्हाई त्याला मी नेत न्हाई."

"बरं बाई. उजवा गुडघा."

"आन् आक्का, तुमचं?"

आईनं वर माझ्या गॅलरीकडे बोट केलं. "मला त्या वरच्याचं भय वाटतं."

सगळी हसली. मी वर ऐकत होतो. मला हसू आलं नाही.

भीती सांगून झाली की उचल. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादम मजुरांना आगाऊ पैसे देतो, ती उचल. ती घेतली की हंगाम संपेपर्यंत टोळी सोडून जायचं नाही. मुकादमीणबाईंची उचल म्हणजे गुळाचा खडा. कमरेच्या पिशवीतून काढून एकेकाच्या हातावर ठेवायच्या. सिस्टरांना साखरेचा त्रास, म्हणून अर्धा. "घेतली ना उचल? आता मधी हात सोडून पळायचं न्हाई." स्वतः मात्र त्या कधी गूळ घेत नसत. चाचांनी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "मुकादम देतो. मुकादम घेत न्हाई."

रस्त्यात उतरायचा क्रम ठरलेला होता. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढं. म्हणजे माझी आई. तिच्यामागे सिस्टर, मग चाचा, आणि शेवटी लाल फडकं घेऊन मुकादमीणबाई. मला हे उलटं वाटलं. मी म्हणालो, पुढे धडधाकट माणूस हवं, ते वाट काढेल. त्यांनी काठी भिंतीला लावली. मग सांगितलं. त्यांच्या टोळीच्या बैलगाड्या ऊस भरून कारखान्याकडे निघायच्या. जोरकस बैल पुढं, दुबळे मागं, असाच सगळ्यांचा रिवाज. त्यांच्या धाकट्या जावेची गाडी सगळ्यात शेवटी, एक बैल लंगडा. दिवेलागणीला मागून ट्रक आला. पुढच्यांना काही कळलंच नाही. "कारखान्याच्या वजनकाट्यावर गाड्या मोजल्या तवा कळलं, एक कमी हाय. आमी दोन कोस पुढं आल्तो, साहेब. गानी म्हनत आल्तो." त्या वर्षापासून त्यांच्या टोळीत दुबळा बैल पुढं. तो जाईल त्या चालीनं सगळ्यांनी जायचं. आणि मुकादम शेवटी, म्हणजे मागं कुणी राहिलं तर ते त्याला दिसेल.

यानंतर मी भांडायचं सोडून दिलं, पण भ्यायचं सोडलं नाही. रोज सकाळी गॅलरीत घड्याळ घेऊन उभा राहायचो. मला दिसलं की चौकातल्या सिग्नलवरून सुटलेल्या गाड्या घोळक्यानं येतात आणि दोन घोळक्यांमध्ये एकोणीस ते एकतीस सेकंद मोकळे मिळतात. अर्धा रस्ता ओलांडायला टोळीला सव्वीस लागायचे. म्हणजे काही मोकळ्या जागा पुरत होत्या, काही पुरत नव्हत्या. मी तक्ता करून मुकादमीणबाईंना वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकला. म्हणाल्या, "हे मला कानानं कळतं. शेवटच्या गाडीचा आवाज बारीक झाला की निघायचं. पन तुमी ल्ह्या. आकडं ल्ह्यल्यानं तुमाला धीर येतो, तर ल्ह्या."

एक गोष्ट माझ्या तक्त्यात नव्हती. दुभाजकाच्या प्रत्येक बाजूला गाड्या एकाच दिशेनं येतात, तरी त्या दोन्हीकडे बघायच्या. मी एकदा म्हणालोही, "मावशी, पलीकडच्या रस्त्याला सगळं डावीकडून येतं. उजवीकडे बघण्यात तुमचे दोन सेकंद जातात." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा दोन्हीकडे बघितलं.

या टोळीनं वार वाटून घेतले होते. गुरुवार आईचा, म्हणजे दत्ताचं देऊळ. शुक्रवार चाचांचा, मशीद, दुपारच्या गर्दीआधी. रविवार सिस्टरांचा, चर्च. बाकीचे दिवस बाग. पण ज्याचा वार त्यानं एकट्यानं जायचं नाही. सगळ्यांनी जायचं आणि बाहेर थांबायचं. त्यामुळे माझी आई रविवारी चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली बसून प्रार्थनेची गाणी ऐकायची आणि शुक्रवारी मशिदीशेजारच्या कापडवाल्याच्या पायरीवर. कापडवाल्यानं पुढे तिथं एक बाकडंच आणून ठेवलं. आईला मी विचारलं, कंटाळा नाही येत? ती म्हणाली, "अरे, जायला ठिकाणं वाढली. आधी एकच होतं."

आमच्या बाजूला, जिथं पूर्वी पार होता तिथं, त्यांनी लिंबाचं एक रोप लावलं. सावली नसेल तर म्हातारं माणूस शंभर पावलंसुद्धा जात नाही, असं मुकादमीणबाईंचं म्हणणं. पाणी कुठलं द्यायचं यावर चर्चा झाली. चाचांनी तोड काढली: पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे वाया जातं, ते घरोघरचं डब्यात धरायचं. आमच्या घरचा डबा मी खाली नेऊन ओतू लागलो. रोज साडेसहा लिटर.

मग भाद्रपदातली ती सकाळ आली. सुट्टी होती. मी म्हटलं, आज मी बरोबर येतो. फाटकाशी मुकादमीणबाईंनी विचारलं, "साहेब, तुमचं भ्या?" मी म्हणालो, "आज नाही. मी आहे ना." मला त्यांनी परत पाठवायला हवं होतं. त्यांचा नियमच होता. पण आईसमोर मला परत पाठवणं त्यांना जड गेलं असावं. गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि निघालो.

पहिला अर्धा रस्ता नीट झाला. दुभाजकावर आम्ही पाच जण उभे. डावीकडचा घोळका गेला. मी घड्याळात बघितलं, पुढचा घोळका अजून सुटायचा होता, अठ्ठावीस सेकंद नक्की होते, आणि आईचा हात माझ्या हातात होता. मुकादमीणबाईंनी निघायची खूण म्हणून काठी अजून खाली केली नव्हती. मी म्हणालो, "चला." आणि आईला घेऊन ठोकळ्यावरून खाली उतरलो.

उजवीकडून, उलट्या बाजूनं, दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल आली. दुभाजकातली जागा बंद झाल्यापासून पलीकडच्या दुकानांकडे जायला असे पुष्कळ जण उलटे येत, वळसा वाचतो. मी डावीकडे बघत होतो. मला फक्त एवढं कळलं की माझ्या पोटावर आडवी काठी बसली आणि मी आईसकट मागे दुभाजकावर आपटलो. किटली मध्ये आलेल्या मुकादमीणबाईंना लागली. डांबरावर धातू घासल्याचा आवाज आला. तो अजून येतो. कारखान्यात कुठं पत्रा पडला तरी मी भिंतीला धरतो.

त्या दुभाजकाच्या कडेला पडल्या होत्या. पाय वाकडा होता. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "गिनती करा."

"मावशी, बोलू नका."

"गिनती करा आदी!"

मी मोजलं. आई. सिस्टर. चाचा. "चार आहेत. तुम्हाला धरून चार."

"तुमाला धरून?"

"मला धरून पाच."

"मंग समदी हाय," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. सिस्टर रस्त्यातच गुडघे टेकून बसल्या होत्या, उजव्या गुडघ्यासकट. "कुणी उचलू नका," त्या म्हणाल्या. "खुबा आहे." चाचा लाल फडकं घेऊन गाड्यांच्या समोर उभे राहिले. ज्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं त्यांनी एक बस आणि दोन ट्रक थांबवले.

खुब्याची शस्त्रक्रिया झाली. मी रोज दवाखान्यात जायचो. माफी मागितली तर त्या म्हणाल्या, "ते जाऊ द्या. मला हितं पडून लई भ्या वाटतंय, त्याचं बोला." रात्री दिवा घालवू देत नसत. पुन्हा चालता येणार नाही, याची त्यांना भीती होती, आणि ती खरी ठरणार हे सिस्टरांनी मला जिन्यात सांगितलं होतं. एके दिवशी मी वही काढून म्हणालो, "मी नवा अर्ज लिहितोय. जागा परत उघडा म्हणून." त्या उशीवर सरसावल्या. "कुनाचं माप धरलंय?"

"सरासरी काढलीय. सगळ्यांची."

"सरासरी काय करायची? आक्काचं धरा. जे सगळ्यात हळू त्याचं माप धरा, बाकीचं आपोआप बसतंय त्यात."

मी पान फाडलं आणि पुन्हा लिहिलं. उघडलेली जागा रस्त्याच्या पातळीत, पायरीशिवाय. गाड्यांचा वेग मोडेल असा उंचवटा. फूटपाथला उतार. मध्ये थांबायला जागा. दर शंभर पावलांवर बाकडं आणि एक झाड. शंभर पावलं आईची. ती मी पहिल्यांदाच मोजली: माझी चाळीस.

मग तो अर्ज सोसायटीच्या सभेत वाचला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो सचिव, एवढ्या खटपटीनं बंद करवलं, आता उघडा म्हणता? लोक हसतील." मी उभा राहिलो. म्हणालो, "तो अर्ज माझाच होता. गाड्यांचा आकडा बरोबर होता. माणसं मोजायची राहिली. खिडकीत बसलेली माणसं मोजली असती तर तो अर्ज मी दिला नसता." मागून आईचा आवाज आला, "शाल परत देऊन टाक." त्यावर लोक हसले आणि सह्या झाल्या. चाचांनी मोहल्ल्यातून सह्या आणल्या, सिस्टरांनी चर्चमधून, कापडवाल्यानं बाजारातून. महापालिकेच्या सहा फेऱ्यांनंतर, फाल्गुनात, दुभाजक कापला गेला. सगळं मिळालं नाही. बाकडी दोनच आली आणि उतार जरा जास्तच तिरका झाला. पण जागा उघडली, आणि पातळीत उघडली.

त्याच आठवड्यात मुलानं मुकादमीणबाईंना गावी आपल्या थोरल्या भावाकडे न्यायचं ठरवलं. तो दिवसभर टेम्पोवर. त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. जायच्या दिवशी त्या म्हणाल्या, एकदा पलीकडं न्या. सिस्टरांनी चाकांची खुर्ची आणली. फाटकाशी मी नेहमीच्या क्रमाप्रमाणे आईला पुढे केलं, तर मुकादमीणबाईंनी काठी आडवी धरली. "आता सगळ्यात हळू कोन? मी. मंग पुढं मीच." आणि लाल फडक्याची काठी माझ्या हातात दिली. "तुमी मागं. आन् आदी सांगा, भ्या वाटतंय का?"

"वाटतंय," मी म्हणालो. "फार वाटतंय."

"मंग चला."

पुढच्या कार्तिकात मुलाचा फोन आला. टोळ्या गावातून ऊसतोडीला निघाल्या, त्याच दिवशी सकाळी त्या वारल्या. फोन आईनं घेतला.

मी अजून रोज सकाळी टोळी नेतो. आई पुढं, मी शेवटी. रोज पोटात गोळा येतो आणि मी दोन्हीकडे बघतो. लिंब माझ्या खांद्याला आला आहे. मुकादमीणबाईंच्या त्या शेवटच्या फेरीची नोंद माझ्या वहीत आहे, ती जशीच्या तशी देतो.

फाल्गुन, शुक्रवार, म्हणजे चाचांचा वार. सकाळी सात वीस. एकूण लागलेले सेकंद अठ्ठ्याण्णव. हजर: मुकादमीणबाई, आई, सिस्टर, चाचा, मी. गिनती पाच, पलीकडे पोचल्यावर पुन्हा पाच. उचल, वाटणारा मी: आईला गुळाचा एक खडा, चाचांना एक, सिस्टरांना अर्धा. मुकादमीणबाई आधी नको म्हणाल्या, मग हात पुढे केला. म्हणाल्या, "घेतली बघा उचल. आता परत यावं लागंल." त्यांना एक.